कोमाद्रेचा दम कुठं गेला

शनिवारी सकाळी नऊ वाजता उबाल्दोनं सगळ्यांना अंगणात बोलावून कोमाद्रेचं इंजिन मेल्याचं जाहीर केलं, तेव्हा इंजिन सुरू होतं.

सुरू म्हणजे अगदी ठणठणीत नव्हतं. थरथरत होतं, मागच्या नळीतून फट्‌ फट्‌ करत होतं, बॉनेटवर ठेवलेला उबाल्दोचा कॉफीचा कप त्याच्या तालावर पुढं पुढं सरकत होता. पण मेलेल्याच्या मानानं तब्येत बरी म्हणायची. प्रेसिलानं कप खाली पडायच्या आत उचलला आणि कुंपणाच्या खांबावर ठेवला. आर्चुलेता घराण्यात कप उचलणं हे तिचंच काम होतं.

गाडी १९५१ची शेवरोलेट, डाळिंबी रंगाची, बुडाला रस्ता घासेल इतकी खाली बसवलेली. बाबांनी तिचं नाव कोमाद्रे ठेवलं होतं. कोमाद्रे म्हणजे गोतावळ्यातली ती बाई, जी दारात आली की तासभर बोलल्याशिवाय हलत नाही. इंजिन सतत टिकटिकायचं म्हणून हे नाव. बाबांना, म्हणजे डेल्फिनो आर्चुलेतांना, जाऊन चौदा महिने झाले होते. तेव्हापासून थोरला उबाल्दो आणि धाकटा कोस्मे एकेका रविवारी आळीपाळीनं येऊन गाडी सुरू करत. मधल्या प्रेसिलाच्या वाट्याला क्रोम पुसायचं काम आलं होतं. ती जिल्ह्यातल्या एकोणीस शाळेच्या बसेसची इंजिनं बावीस वर्षं सांभाळत होती, पण ते बसचं झालं. घरच्या गाडीला बाईनं पाना लावायचा नाही, असा काही नियम नव्हता. फक्त तसं कधी झालं नव्हतं.

आणि उद्या आशीर्वादाचा रविवार होता. चिमायोच्या खोऱ्यातल्या सगळ्या जुन्या गाड्या रांगेनं चढ चढून वरच्या गावच्या चर्चसमोर जायच्या, पाद्री बॉनेट उघडायला लावून इंजिनावर तीर्थ शिंपडायचा. सेहेचाळीस वर्षं त्या रांगेत कोमाद्रे पहिली होती. गेल्या रविवारी मात्र पुलापासून घरापर्यंतच्या चढावर ती तीनदा थांबली, आणि संध्याकाळी फिरायला निघालेल्या पाद्र्यानं तिला चालत मागं टाकलं. जाता जाता त्यानं आशीर्वादाचा हातही केला. उबाल्दोला ते फार लागलं होतं.

त्यामुळं त्याचा बेत पक्का होता. बारा वाजता त्याचा मित्र एलॉय क्रेनची गाडी घेऊन येणार, जुनं इंजिन उचलणार. उबाल्दोच्या परसात ताडपत्रीखाली आठ सिलिंडरचं नवंकोरं इंजिन तीन वर्षं वाट बघत होतं, ते पुढच्या महिन्यात बसवायचं. उद्यापुरती कोमाद्रे फुलं लावून ट्रेलरवर चढवायची आणि तशीच वर न्यायची. जुन्या इंजिनात आईसाठी जिरेनियमची फुलझाडं लावायची. कोस्मेला जिरेनियम पसंत नव्हते. त्याच्या मते इंजिनावर काच टाकली तर बैठकीत सुंदर टेबल झालं असतं. मग दोघं भाऊ टेबल की कुंडी यावर दहा मिनिटं भांडले. इंजिन बिचारं शेजारी उभं राहून ऐकत होतं.

प्रेसिलानं बॉनेटवर हात ठेवला. हे इंजिन बाबांनी दोनदा सगळं खोलून पुन्हा उभं केलं होतं, आणि दोन्ही वेळा दिवा धरून ती शेजारी उभी होती. प्रत्येक नट त्यांच्या हातानं आवळलेला होता. इंजिन गेलं की बाबा दुसऱ्यांदा जाणार, आणि या खेपेला त्यांच्यात जिरेनियम लागणार, असं तिला वाटत होतं. बाबा सांगायचे की आशीर्वादाला गाडी आपल्या पायानं जाते, ट्रेलरवरून जातं ते मढं. हे तिनं भावांना सांगायला हवं होतं. पण सांगून ऐकणारं घर असतं तर गोष्ट वेगळी.

"आधी कॉम्प्रेशन तर बघू," एवढंच ती म्हणाली. "दम कुठून जातोय ते कळल्याशिवाय माणसाला पुरत नाहीत."

उबाल्दोनं मोठ्या मनानं परवानगी दिली. एलॉय यायला तीन तास होते, तेवढा वेळ घालवायचाच होता. फक्त दाब मोजायचं गेज त्यानं स्वतःकडं घेतलं.

रस्ता सपाट करायच्या ग्रेडरवर तीस वर्षं काढलेला माणूस तो. हातात काही घेतलं की पहिल्यांदा खोकायचा, मग भाषण करायचा. सहाही प्लग काढले, इग्निशनची वायर सुटी केली, एकेका भोकात गेजची नळी बसवली आणि कोस्मेला स्टार्टर मारायला लावला. इंजिन घुमायचं, काटा चढायचा, उबाल्दो आकडा ओरडायचा, कोस्मे उतरून लिहायला यायचा आणि परत जाऊन बसायचा. कोस्मे टेकडीवरच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होता, त्यामुळं त्यानं कागदावर आधी रकाने आखले होते, एक रकाना हवेतल्या आर्द्रतेचा होता. सहाही सिलिंडरचे आकडे साठच्या आतच राहिले. धडधाकट असते तर एकशे दहा-वीसपर्यंत जायला हवे होते. उबाल्दोनं टोपी काढली आणि छातीशी धरली.

"सगळेच गेले," तो म्हणाला. "एकही मागं राहिला नाही."

प्रेसिला हळूच म्हणाली की अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायला हवा होता. तो सुटा असला की कार्बोरेटरची झडप मिटलेली, इंजिनाला श्वासच घेता येत नाही, मग ते दाब कुठून दाखवणार. नाक दाबून माणसाला फुगा फुगवायला सांगितल्यासारखं ते झालं. पण ती हळूच म्हणाली, आणि त्या घरात हळू बोललेलं कुणाच्या कानापर्यंत जायच्या आधी दोन जण बोललेले असत. उबाल्दो टेबल चालेल म्हणाला. कोस्मे कुंडी चालेल म्हणाला. आता दोघंही उदार झाले होते.

ऐकलं ते बेर्साबे आत्यानं. बाबांची ही बहीण एक्याऐंशीची, उंचीनं टपालपेटीएवढी, आणि कोमाद्रेच्या चालकाच्या जागी बसायची तिची इच्छा अर्धशतक जुनी होती. पेडल दाबायला माणूस लागतो एवढं तिला कळलं. ती पर्ससकट आत चढली, दोन्ही पाय पेडलवर ठेवून उभ्यानं दाबल्यासारखी दाबून बसली, आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करू लागली. तिला उतरवायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा चाचणी पुन्हा करावी लागली.

या खेपेला पहिल्या सिलिंडरनं एकशे अठरा दाखवले. दुसऱ्यानं एकशे सोळा. उबाल्दोची टोपी परत डोक्यावर गेली. तिसऱ्याला काटा पंचेचाळीसवर लटकला आणि तिथंच राहिला. पुढचे तिन्ही पुन्हा एकशे पंधराच्या वर. कोस्मेनं जुना कागद फाडून नवे रकाने आखले आणि बहिणीकडं पहिल्यांदाच नीट बघितलं.

"एकच आजारी आहे," तो म्हणाला. "एकासाठी सगळं घर पाडायचं नसतं, उबाल्दो."

अशा रीतीनं सव्वादहाला कोस्मे प्रेसिलाच्या पक्षात आला. आत्या पेडलच्या पक्षात होतीच. उबाल्दो एकटा पडला, आणि एकट्या पडलेल्या उबाल्दोला नेहमी एकदम सगळं कळत असे. त्यानं पिस्टनच्या रिंगा गेल्याचं निदान केलं. रिंगा म्हणजे सगळं इंजिन खोलणं, म्हणजे क्रेन, म्हणजे एलॉय.

प्रेसिलानं स्वयंपाकघरात जाऊन आईकडं चमचा मागितला. आई, म्हणजे एउफेलिया, चुलीवरच्या हिरव्या मिरचीच्या रश्श्यात डाव फिरवत होती. तिनं काय निघालं असं विचारलं नाही. खणातून एक चमचा काढून दिला आणि हा बेर्साबेनं लग्नात दिलेला आहे, हा खराब झाला तरी चालेल, एवढंच म्हणाली. खण मात्र तिनं चटकन लावला.

चमचाभर तेल तिसऱ्या सिलिंडरात ओतलं. रिंगा झिजल्या असतील तर तेल ती फट बुजवतं आणि काटा वर चढतो. आत्यानं पेडल दाबलं, कोस्मेनं खिडकीतून हात घालून स्टार्टर मारला, काटा सत्तेचाळीसवर आला. दोनानं वाढला. उबाल्दो दोन म्हणजे वाढच आहे म्हणाला. कोस्मेनं त्याला यंत्राची चूक किती धरायची असते ते समजावलं आणि ते इतका वेळ समजावलं की उबाल्दोनं रिंगा सोडून दिल्या. हेड गॅस्केटचंही जमेना. ते फाटलं तर शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकमेकांत दम सोडतात, आणि इथं दोन्ही शेजारी खणखणीत होते. उरली झडप, म्हणजे वॉल्व्ह.

मग प्रेसिलानं तिसरा पिस्टन वर आणून थांबवला आणि कोस्मेच्या कॉम्प्रेसरची नळी त्या भोकात बसवली. आत हवा सोडायची आणि ती कुठून बाहेर येते ते ऐकायचं, एवढं साधं काम. कोस्मेला कार्बोरेटरपाशी कान लावायला दिला, उबाल्दोला तेल ओतायच्या तोंडापाशी. मागच्या नळीपाशी कुणीतरी गुडघ्यावर बसायला हवं होतं. आत्या रोज पहाटे जपमाळ घेऊन तासभर गुडघ्यावर असते, तिला सवय होती. तिनं कान लावला, थोडा वेळ ऐकलं, आणि उठून प्रेसिलाकडं तक्रार घेऊन आली.

"ही मला गप्प बस म्हणतेय," ती म्हणाली. "मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. सारखं श्श, श्श."

म्हणजे धूर बाहेर सोडणारा वॉल्व्ह. तो मिटत नव्हता, दम तिथून मागच्या नळीत जात होता. प्रेसिलाला बरं वाटलं, आता पुढचं तिला दिसत होतं. पण निदान झालं की ते उबाल्दोच्या मालकीचं होई. वॉल्व्ह जळला, तो म्हणाला, मी सकाळपासून हेच सांगतोय. जळला की हेड काढायचं. हेड काढायचंच तर नवं इंजिन काय वाईट. आणि मग कोस्मेच्या खांद्यावर हात टाकून तो त्याला मक्याच्या ताटांपर्यंत फिरवून आणायला घेऊन गेला. परत आले तेव्हा नव्या इंजिनाच्या डॅशबोर्डावर कोस्मेच्या पसंतीची अकरा मीटरं लागणार होती, आणि कोस्मे उबाल्दोच्या पक्षात होता. आत्यालाही नव्या गाडीचं पेडल हलकं असतं असं कळलं होतं.

पावणेबाराला क्रेनची गाडी अंगणात शिरली. एलॉय उतरला, साखळी काढली, नाकानं वास घेतला, आणि साखळी खाली ठेवली. इंजिन काढायच्या बाजूचे हात उबाल्दोनं वर करायला सांगितले. तीन हात वर गेले, एलॉयचा चौथा. त्याला मत नाही हे त्याला सांगावं लागलं. आई दारात आली होती. इंजिन काढायचं की ठेवायचं, असं उबाल्दोनं तिला मोठ्यानं विचारलं. तिनं कोमाद्रेकडं बघितलं नाही, प्रेसिलाकडंही नाही.

"रस्सा झालाय," म्हणाली, आणि आत गेली.

सगळे जेवायला गेले. प्रेसिला गेली नाही. आईनं एक शब्द टाकला असता तर इंजिन वाचलं असतं, आणि आईनं तो टाकला नाही, याचं तिला रडू यायला लागलं होतं. रडण्यापेक्षा पाना बरा म्हणून तिनं इंजिनाच्या माथ्यावरचं लांब झाकण पकडून ठेवणारे दोन नट सोडले. एलॉय जेवायला बसला की तीन वाट्यांशिवाय उठत नाही हे खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तेवढा वेळ तिच्याकडं होता.

झाकणाखाली वॉल्व्ह दाबून उघडणारे बारा टॅपेट ओळीनं बसलेले. प्रत्येकाच्या आणि वॉल्व्हच्या टोकाच्या मध्ये पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवावी लागते. तापलं की वॉल्व्ह लांबतो, त्या फटीत सामावतो. त्या फटीमुळंच तर टिकटिक. फट राहिली नाही तर वॉल्व्ह पुरता मिटत नाही, मग दमही जातो आणि मागोमाग जाळही जातो. बाबा दर वर्षी फटी लावताना एकच वाक्य बोलायचे, की बडबडणारा वॉल्व्ह सुखी असतो, गप्प बसलेला आतून जळतो. प्रेसिलानं फट मोजायची पातळ पट्टी एकेका फटीत सरकवून पाहिली. तिसऱ्या सिलिंडरच्या त्या वॉल्व्हपाशी पट्टी शिरेना. तिच्यापेक्षा पातळ घेतली, तीही शिरेना. मग तिनं दिवा जवळ आणून फट कमीजास्त करायच्या स्क्रूचं डोकं बघितलं. बाकीच्या अकरा स्क्रूंवर तेलाचा काळा थर होता. याचं डोकं नव्या नाण्यासारखं चकाकत होतं, आणि खाचेत आडवेतिडवे ओरखडे होते.

ती तशीच काळ्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. आत सगळे एकाच वेळी बोलत होते.

"तिसऱ्या नंबरचा टॅपेट कुणी आवळला?"

बावीस वर्षं बसच्या शेडमध्ये इंजिनांवरून ओरडायचा आवाज तो. या घरात त्यानं पहिल्यांदाच पाऊल टाकलं होतं. एलॉयनं वाटी खाली ठेवली. तो म्हणाला की मी नाही.

"मी विचारलं, कुणी आवळला. तो पुरता आवळलाय. वॉल्व्ह म्हातारा झालेला नाही, त्याला कुणीतरी मिटूच देत नाहीये."

पहिल्यांदा कोस्मे पाघळला. आई जूनपासून म्हणत होती की त्या टिकटिकीनं माझं डोकं उठतं. म्हणून त्याच्या पाळीच्या रविवारी त्यानं छापील कागद बघून फक्त एक अष्टमांश फेरा दिला होता. सगळ्यांत मोठा आवाज त्या तिसऱ्याचाच होता. प्रेसिलानं विचारलं, इंजिन गरम असताना? कोस्मेनं खिशातून कागद काढला, वाचला, आणि गरम असं त्यात अगदी बारीक अक्षरात आहे म्हणाला. उबाल्दो पोट धरून हसला. प्रयोगशाळेवर, कागदावर आणि कोस्मेच्या चष्म्यावर हसून झाल्यावर तो हातातल्या पोळीचा, टॉर्टियाचा, तुकडा बारीक बारीक करायला लागला.

"मीही थोडासा," तो म्हणाला. "केसभर. कानानं. आईला त्रास होतो म्हणून."

आता आत्याला राहवेना. पाप मनात ठेवून उद्या चर्चमध्ये जायचं तिला जमणार नव्हतं. तिनं सांगितलं की तिनं चिमायोच्या देवस्थानची पवित्र माती, जी लंगड्याला चालवते, ती चिमूटभर इंजिनात टाकली होती. इंजिनात माती म्हणजे खलबत्त्यात वाळू. कुठं टाकलीस, कुठं, असं दोघा भावांनी एकदम विचारलं. आत्यानं हातानं गोल झाकण आणि खाली तेलाचं पसरट भांडं दाखवलं.

प्रेसिलाला हसू आवरेना. "तो हवा गाळायचा फिल्टर आहे, आत्या. बाहेरची माती अडकावी म्हणूनच तिथं तेल ठेवतात."

"म्हणजे पोचली ना?"

"पोचली."

आत्यानं समाधानानं आणखी रस्सा वाढून घेतला.

पण प्रेसिलाचा हिशेब जुळत नव्हता. कोस्मेचा अष्टमांश आणि उबाल्दोचा केस मिळून फट अरुंद झाली असती, बंद झाली नसती. आणि खाचेतले ओरखडे पातळ पात्याचे होते, स्क्रूड्रायव्हरचे नव्हतेच. आणखी कुणीतरी आहे, ती म्हणाली. मग आईनं खण उघडला, लोणी लावायची सुरी काढली आणि टेबलावर ठेवली. तिचं टोक वाकडं झालं होतं.

एउफेलिया त्र्याऐंशीची होती. गाडी तिनं कधी चालवली नव्हती, इंजिनाला कधी बोट लावलं नव्हतं. पण पन्नास वर्षं नवऱ्याला पाने देत त्या बॉनेटपाशी उभी राहिलेली बाई ती, बघून बघून जेवढं कळायचं तेवढं तिला कळलं होतं. उबाल्दोचा तर घासच तोंडात राहिला.

"पाना डेल्फिनोचाच होता, खिळ्याला होता," आई म्हणाली. "स्क्रूड्रायव्हर तू कुलपात ठेवतोस, उबाल्दो. मग काय करू?"

"पण का, आई?"

तिनं सुरी पुसली, जागेवर ठेवली.

"पन्नास वर्षं ती टिकटिक पुलावर आली की मी कॉफी ठेवायचे. तो दारात पोचेपर्यंत व्हायची. आता तुम्ही रविवारी येता, गाडी सुरू करता, एक चक्कर मारून आणता. टिकटिक ऐकू येते, आणि माझा हात आपोआप दोन कप काढतो. मी दाराकडं बघते." तिनं खण लावला. "आणि आत येतो हा उबाल्दो."

कुणालाच हसावं की काय ते कळेना. उबाल्दोचे डोळे भरून आले होते. माणूस मोठा, पण आतून रव्याचा.

"मी आलेला तुला आवडत नाही, आई?"

"तू आवडतोस रे. पण तू तो नाहीस. आणि तू पाय पुसत नाहीस."

प्रेसिला दारातच उभी होती. इंजिन मुकाट्यानं मरत असताना आई का बोलली नाही, हे आता तिला समजलं, आणि समजून काही सोपं झालं नाही. तो स्क्रू सैल करायचा म्हणजे टिकटिक परत येणार. नाही करायचा तर इंजिन जाणार. बाबांचं इंजिन हवं की आईला शांतता हवी, हे ठरवायला तिला कुणी बोलावलं नव्हतं. तरी ती आत आली, हात फडक्याला पुसले आणि आईसमोर बसली.

"आई, आवाज बंद केलास तर तो जळणार. अजून जळलेला नाही, थोडा पोळलाय. पण महिनाभर असाच ठेवला तर मग उबाल्दोचं खरं होईल."

"म्हणजे आवाज हवाच?"

"हवाच. त्याला दुसरा उपाय नाही."

आईनं चुलीकडं बघितलं, दाराकडं बघितलं. मग उठून टेबलाची एक खुर्ची उचलली. उबाल्दो धावला, त्याला तिनं हातानंच बाजूला सारलं. खुर्ची अंगणात नेली, कोमाद्रेच्या बॉनेटपासून दोन हातांवर ठेवली आणि पदर सावरावा तसा एप्रन सावरून बसली.

"आतून ऐकलं की तो येतोय असं वाटतं," ती म्हणाली. "इथं बसलं की इंजिन दिसेल. कर काय करायचं ते."

प्रेसिलानं प्लग तात्पुरते बसवून इंजिन थोडं चालवलं, गरम झाल्यावर प्लग पुन्हा काढले. नट सोडला, स्क्रू मागं फिरवला, पट्टी घातली, ओढून पाहिली. सैल नाही, घट्ट नाही, लोण्यातून सुरी ओढावी तशी. या खेपेला कुणी गेज मागितलं नाही. आत्या पेडलवर चढली, कोस्मेनं स्टार्टर मारला. काटा पंचेचाळीस ओलांडून गेला, साठ, ऐंशी, आणि शहाण्णववर थांबला. कोस्मे म्हणाला की बाकीच्यांपेक्षा अजून वीस कमी आहे. प्रेसिला म्हणाली की पोळलेली जागा चालवून चालवून बसेल, आणि चढाला एवढा दम पुरतो. दोघंही पहिल्यांदाच एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत होते. एलॉयनं न विचारता साखळी गुंडाळून क्रेनवर टाकली, आणि सोबत रश्श्याचा डबा मागून घेतला.

प्लग बसवले, झाकण लावलं. प्रेसिलानं किल्ली फिरवली. कोमाद्रे एकदा खोकली आणि लागली बोलायला. टिक टिक टिक टिक, मध्ये श्वाससुद्धा न घेता. फटफट गेली होती, थरथर गेली होती. उबाल्दोनं मुद्दाम एक कप आणून बॉनेटवर ठेवून पाहिला, तो जागचा हलला नाही.

आई दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होती. तिचे ओठ थोडे हलत होते. उबाल्दोनं विचारलं, बंद करू का. तिनं नको म्हणून मान हलवली. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि इंजिनाला म्हणाली, हो, कळलं, कळलं.

मग उद्या चालवणार कोण हा प्रश्न निघाला. खरं तर तो निघालाच नाही, तो दोघा भावांनी एकदमच सुरू केला. कोस्मेच्या मते पाळी त्याची होती. उबाल्दोच्या मते पाळी साध्या रविवारांना असते, आशीर्वादाला थोरला असतो. आत्या खिडकीतून म्हणत होती की मी बसलेलीच आहे.

"मी चालवणार," प्रेसिला म्हणाली.

इंजिन सुरू असूनही ते रस्त्यापलीकडं ऐकू गेलं. उबाल्दोनं तोंड उघडलं, कोस्मेकडं बघितलं. कोस्मे आपले रकाने बघत होता. उबाल्दोनं तोंड मिटलं आणि तिच्या हातातलं फडकं घेऊन क्रोम पुसायला लागला.

"मग मी पुढं बसेन, तिच्याशेजारी," आई खुर्चीतून उठत म्हणाली. "सेहेचाळीस वर्षं तो विचारायचा, चलतेस का वर. आणि मी म्हणायचे, मी आले तर तुम्ही परत आल्यावर जेवायला कोण घालणार. दर वर्षी विचारायचा हो. एकदा जायला हवं होतं."

अंगणात कोमाद्रे तेवढी बोलत राहिली. उबाल्दोनं बंपर पुसता पुसता मान वर केली.

"मग उद्या परत आल्यावर जेवायला काय?"

"ते तू बघ," आई म्हणाली.